हात आखडलेला असताना घरचे ताट भरलेले कसे ठेवाल?



कापूस, मका, सोयाबीन, तूर विकून आलेला पैसा कोठे गेला, हा प्रश्न दरवर्षी घरोघरी पडतो. बियाण्याची, खताची व दुकानदाराची उधारी फेडल्यावर जे उरते त्यात पुढील हंगामापर्यंत किराणा भागवायचा असतो. भाव पडला किंवा पाऊस लांबला की पहिला चाप बसतो तो स्वयंपाकघराला. डाळ पातळ होते, भाजी बंद होते, दूध डेअरीला जाते आणि घरातील बाई उरलेल्या चतकोर भाकरीवर दिवस काढते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील वैजापूर, गंगापूर, पैठण, फुलंब्री, खुलताबाद या कोरडवाहू भागांत हे चित्र नवीन नाही. मात्र थोडे नियोजन केल्यास कमी पैशातही घरातील प्रत्येकाला पोटभर व पौष्टिक अन्न देता येते. त्यासाठी काय करावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

आजची टंचाई वेगळी आहे

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात धान्यच नव्हते. दुष्काळी कामांवरील मजुरांना सुकडी वाटली गेली आणि परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी लोकांनी खाल्ली. त्याच वर्षी १८ मे रोजी परभणीला कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. पुढे २०१२-१३ चा दुष्काळ पडला तेव्हा टंचाई होती ती पाण्याची. धान्य रेशन दुकानात मिळत होते. आजही बहुतेक घरांत पोट भरण्यापुरता गहू-तांदूळ येतो. कमी पडतात त्या डाळी, तेल, भाज्या व दूध. म्हणून किराण्याची काटकसर करताना "काय कमी करू?" असे न विचारता "यातले शेतातून काय आणू?" असे विचारावे.

विकण्याआधी घरचा वाटा काढा

सुगीत स्वस्त विकायचे आणि चार महिन्यांनी तेच दुकानातून महाग आणायचे, यात कुटुंबाचे दुहेरी नुकसान होते. तूर क्विंटलने विकून डाळ पाव-पाव किलोने आणणारी घरे कमी नाहीत. म्हणून खळ्यावरून माल बाजारात नेण्यापूर्वी घरचा वाटा मोजून बाजूला ठेवावा. पाच माणसांच्या कुटुंबाचा साधारण हिशेब पुढीलप्रमाणे करावा.

धान्य : दरडोई रोज सरासरी ३५० ग्रॅम धरल्यास वर्षाला सुमारे ६ क्विंटल ४० किलो लागते. शेतात कष्ट करणाऱ्यास जास्त व लहान मुलांस कमी लागते, त्यामुळे सरासरी जुळते.

डाळी व कडधान्ये : दरडोई रोज ७५ ग्रॅम धरल्यास वर्षाला सुमारे १३७ किलो. घरच्या जात्यावर एक क्विंटल तुरीपासून साधारण ६५ ते ७० किलो डाळ मिळते. म्हणून तूर, मूग, उडीद, हरभरा मिळून पावणेदोन ते दोन क्विंटल ठेवावे.

तेल : दरडोई रोज २५ ग्रॅमप्रमाणे वर्षाला सुमारे ४५ किलो. रब्बीत हरभऱ्याच्या कडेने करडईचे तास टाकल्यास कोवळ्या पानांची भाजी मिळते, काटेरी पिकामुळे जनावरेही आत शिरत नाहीत आणि बी घाण्यावरून काढून आणता येते.

देणी भागविण्यासाठी सर्वच माल सुगीत विकावा लागतो, ही अडचण खरी आहे. त्यासाठी महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून सुरू आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा महिन्यांसाठी ६ टक्के व्याजाने घेता येते. आपल्या बाजार समितीत ती कोणत्या पिकांसाठी राबविली जाते याची सुगीपूर्वीच चौकशी करावी.

रेशनचा हक्क सोडू नका

अंत्योदय कार्डावर दरमहा ३५ किलो व प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीमागे ५ किलो धान्य मिळते. १ जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे आणि १ जानेवारी २०२४ पासून ही सवलत पुढील पाच वर्षांसाठी वाढविण्यात आली आहे. पाच माणसांच्या प्राधान्य कुटुंबाला वर्षाला ३ क्विंटल धान्य असे मिळाले, तर वरील हिशेबातील ३ क्विंटल ४० किलो ज्वारी-बाजरीच शेतातून ठेवावी लागेल.

केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना मराठवाड्यासह १४ जिल्ह्यांत २०२३ पासून धान्याऐवजी बँक खात्यात रोख रक्कम देण्याचा निर्णय झाला. सुरुवातीला ती दरडोई दरमहा १५० रुपये होती. २०२४ मध्ये १७० रुपये करण्यात आली. आपण पात्र असाल तर तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत नाव व खाते जोडलेले आहे का, हे पाहून घ्यावे. मिळालेली रक्कम डाळ व तेलासाठीच राखून ठेवावी. अंगणवाडीतील पोषण आहार व शाळेतील भोजन हाही मुलांचा हक्क आहे. त्यात कमीपणा मानू नये.

स्वस्त म्हणजे हलके अन्न नव्हे

पाहुण्यांसमोर भाकरी वाढायला संकोच वाटतो आणि पोळी-भाताला मान मिळतो. पोषणाच्या दृष्टीने पाहिले तर ज्वारी व बाजरीत पॉलिश केलेल्या तांदळापेक्षा प्रथिने, तंतू व लोह अधिक असते. छत्रपती संभाजीनगर येथील बाजरी संशोधनातून आलेल्या एएचबी १२०० या संकरित वाणात दर किलोमागे सुमारे ७३ मिलिग्रॅम आणि एएचबी १२६९ मध्ये सुमारे ९१ मिलिग्रॅम लोह आढळते. विद्यापीठाने २०१८ मध्ये दिलेला 'परभणी शक्ती' हा ज्वारीचा वाणही लोह व जस्तासाठी निवडलेला आहे. घरच्या खाण्यासाठी एखाद्या तुकड्यात असे वाण घ्यावेत. संकरित बाजरीचे बियाणे मात्र दरवर्षी नवे घ्यावे लागते.

शेंगदाण्यात प्रथिने १०० ग्रॅमला सुमारे २५ ग्रॅम असतात, म्हणजे बदामापेक्षा कमी नाहीत. शेंगदाणा, कारळ, जवस व तीळ यांच्या चटण्या रोज ताटात असाव्यात. भाकरीसोबत डाळ किंवा उसळ खाल्ल्याने धान्यातील प्रथिनांची उणीव डाळीने भरून निघते. डाळ-भाकरीची जोडी शास्त्राच्या कसोटीवरही खरी उतरते.

घरचे सोयाबीन असल्यास ते उकळत्या पाण्यात २० ते २५ मिनिटे शिजवून, चोळून साल काढावी व कडक उन्हात वाळवावे. ९ किलो गव्हात १ किलो याप्रमाणे मिसळून दळावे. कच्चे सोयाबीन दळून वापरू नये, ते पचत नाही.

भाजीसाठी पैसे मोजण्यापूर्वी

पावसाळ्यात बांधावर व पिकात तांदुळजा, घोळ, चिवळ, पाथरी, कुरडू, तरोटा आपोआप उगवतात. अंबाडीची एक ओळ तुरीत टाकली तरी घराला पुरते. हिवाळ्यात हरभऱ्याचे शेंडे खुडल्यास भाजी मिळते व फांद्याही वाढतात. उरलेली पाने सावलीत वाळवून डब्यात भरून ठेवावीत, म्हणजे उन्हाळ्यात उपयोगी पडतात. तणनाशक अथवा कीटकनाशक फवारलेल्या शेतातील पालेभाजी खुडू नये. नीट ओळख नसलेले रोप खाऊ नये. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी घोळ व चिवळ बेताने खावी.

न्हाणी व भांडी घासण्याच्या सांडपाण्यावर शेवग्याची दोन झाडे, एक पपई, कढीपत्ता व कडेला दोडक्याचा वेल सहज जगतो. शेवग्याच्या शेंगा आपण खातो, पण पाला टाकून देतो. पाल्यात कॅल्शियम व अ जीवनसत्त्व भरपूर असते. मूठभर पाला वरणात किंवा धपाट्याच्या पिठात घालावा.

साठवण चुकली तर बचत वाया

कडधान्यांना भुंगा लागला की वर्षाची बेगमी जाते. तूर, मूग कडक उन्हात वाळवून, गार झाल्यावर किलोला ५ ते १० मिलिलिटर खाद्यतेल चोळून कोरड्या कोठीत भरावे. तुरीची डाळ लवकर करून ठेवणे अधिक चांगले, कारण हा भुंगा अखंड दाण्यात वाढतो. ज्वारी दाताखाली कट्कन फुटेपर्यंत वाळवावी. धान्यात ठेवण्याच्या विषारी गोळ्या राहत्या घरात कधीही वापरू नयेत. त्यांतून निघणारा वायू झोपेतच जीव घेतो.

रोजचा नमुना आहार

सकाळी : ज्वारीच्या कण्या ताकात किंवा रात्रीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी.

दुपारी : भाकरी, पालेभाजी डाळ घालून, कांदा, लिंबाची फोड.

सायंकाळी मुलांना : भाजलेले हरभरे व गूळ, किंवा घुगऱ्या.

रात्री : भाकरी, मोड आलेल्या मटकीची उसळ किंवा पिठले, थोडा भात. भाजी नसेल त्या दिवशी येसराची आमटी करावी. धान्य, डाळी व मसाले भाजून दळलेले येसर महिनोन् महिने टिकते.

जेवणात लिंबू असल्यास पालेभाजीतील लोह अंगी लागते. चहा मात्र जेवणानंतर तासाभराने घ्यावा, कारण जेवणासोबतच्या चहाने लोह वाया जाते. घरी दुभते जनावर असेल तर सर्व दूध डेअरीला न घालता मुलांपुरते रोज काढून ठेवावे. मीठ आयोडीनयुक्तच घ्यावे.

रोख पैसा कोठे गळतो?

एक साधी वही घालावी. त्यात तेल-साखरेबरोबरच तंबाखू, पुड्या, हॉटेलातील चहा व मुलांचे बिस्कीटही लिहावे. रोज दहा रुपयांचा एक पुडा म्हणजे वर्षाला ३,६५० रुपये होतात. महिन्याची यादी करून दोन-तीन शेजारी कुटुंबांनी किंवा बचत गटाने मिळून घाऊक माल घेतल्यास भावात फरक पडतो. आठवडी बाजारात भाजी उठायच्या वेळी घ्यावी. उधारी करावीच लागली तर प्रत्येक वस्तूचा भाव त्याच दिवशी वहीत लिहून घ्यावा. सुगीत एकदम आकडा ऐकण्याची वेळ येणार नाही.

ताट सर्वांचे, हिशेबही सर्वांचा

महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. टंचाईच्या घरात बाई सर्वांत शेवटी जेवते आणि डाळ संपलेली असते, हेही त्याचे एक कारण आहे. म्हणून भाजी व डाळ शिजली की आधी सर्वांचे वाटे काढावेत, त्यात तिचाही वाटा असावा. शक्य तेथे सर्वांनी एकत्र जेवावे. निंदणी-वेचणी करणाऱ्या बाईलाही कष्टाच्या मानाने पुरेसे अन्न लागते.

टंचाईत मन खचते ते बहुधा एकट्याने ओझे वाहिल्यामुळे. "आज काय शिजवू?" हा प्रश्न एकटीवर टाकू नये. महिन्याच्या पहिल्या तारखेला घरातील सर्वांनी वही उघडून बसावे. कोठीत किती आहे, किती दिवस पुरेल आणि काय आणायचे, हे मुलांसमोरही मोकळेपणाने बोलावे. सणाची पुरणपोळी यादीतून वगळू नये. घरचा हरभरा व गूळ असेल तर ती फार महाग पडत नाही आणि वर्षभराच्या काटकसरीला त्यामुळे चव येते. शेजारी आज काय शिजले याच्याशी आपल्या चुलीची तुलना करू नये.

या हंगामात निदान एवढे करावे: घरचा वाटा मोजून ठेवावा, शेवग्याचे एक झाड लावावे आणि वही घालावी. परसबाग, सोयाबीन प्रक्रिया व साठवणीबाबत अधिक माहितीसाठी छत्रपती संभाजीनगर येथील कृषी विज्ञान केंद्राशी किंवा परभणी येथील सामुदायिक विज्ञान महाविद्यालयाशी संपर्क साधावा.