संस्थापक गेला की प्रदेश कुणाचा?

आज 'नेशनस्टेट्स'बद्दल. ऑस्ट्रेलियन लेखक मॅक्स बॅरीने 2002 मध्ये काढलेला हा ब्राउझरवरचा राजकीय खेळ. तुम्ही एक देश काढता, कायदे ठरवता. पण खरी गंमत प्रदेशात आहे. प्रदेश म्हणजे अशा देशांची वस्ती.

वस्ती वाढवणं सोपं. निमंत्रणं पाठवा, झेंडा लावा, लोक येतात. कारभाराचं काय? बरीच वर्षं नियम असा होता की सगळ्या किल्ल्या संस्थापकाकडे. प्रतिनिधी मात्र लोकांचा: जागतिक सभेतले सदस्य देश आपल्या प्रदेशातल्या देशांना पाठिंबा देतात, ज्याला सर्वांत जास्त तो प्रतिनिधी.

आता बघा, संस्थापक 28 दिवस लॉगिन झाला नाही की त्याचा देश गायब! मग बाहेरची टोळी रातोरात शिरते, आपलाच प्रतिनिधी बसवते आणि मूळ रहिवाशांना हाकलते. प्रदेशात पाचशे देश असोत. प्रतिनिधीमागे पाचच पाठिंबे असतील तर बाहेरचे सात जण पुरतात. एक उभा राहणारा, सहा पाठिंबा देणारे.

मी रबाळ्यात काम करतो, त्यामुळे मला सिडकोच आठवते. 1970 मध्ये ती स्थापन झाली, तिने नवी मुंबई वसवली. महापालिका 1992 ला, पहिली निवडणूक 1995 ला. पंचवीस वर्षं आधी वाढ, मग मत. (एमआयडीसीचा पट्टा हे आणखी वेगळंच प्रकरण, ते पुन्हा कधीतरी.) आणि 2020 ला मुदत संपल्यावर कित्येक वर्षं प्रशासकच.

तुमचा प्रदेश नवा असेल तर संस्थापक रोज लॉगिन होतोय तोवरच पहिली निवडणूक घेऊन टाका. आणि नव्या सदस्याला झेंडा दाखवण्याआधी पाठिंब्याचं बटण दाखवा.