गाडी दिली, नाव राहिले

शहरातल्या कुठल्याही मोटारींच्या शोरूमवरून जा, 'जुनी द्या, नवी न्या' अशा अर्थाचा फलक दिसतोच. हा व्यवहार आपल्याला नवा नाही. दारावर बोहारीण येत असे. जुन्या साड्या, विटलेले शर्ट, जरीचे काठ तिच्यापुढे पडत आणि बऱ्याच घासाघिशीनंतर घरात एक स्टीलचे पातेले येई. साडीचे किती धरले आणि पातेल्याचे किती लावले, हे ती कधी वेगळे करून सांगत नसे. तिचा नफा त्या न सांगण्यातच असे.

जुनी मोटार देऊन नवी घेण्याचा व्यवहारही याच चालीचा आहे. फरक एक आहे, आणि तो मोठा आहे. साडीवर आपले नाव लिहिलेले नसते. ती दिली की संपले. मोटारीवर आपले नाव असते आणि ते सरकारी दप्तरात असते. गाडी दारातून गेली म्हणून नाव जात नाही. आज मुख्यतः बोलायचे आहे ते या नावाविषयी. पण आधी पैशांचे पाहू, कारण शोरूममध्ये पाऊल ठेवल्यावर आपले सारे लक्ष तिकडेच असते.

दहा-बारा वर्षे वापरलेली छोटी हॅचबॅक द्यायची आणि उंच, ऐसपैस दिसणारी कॉम्पॅक्ट एसयूव्ही घ्यायची, हे अनेक मध्यमवर्गीय घरांतले चित्र आहे. शोरूममधला मुलगा अदबीने म्हणतो, 'काका, तुमच्या गाडीचे आम्ही बाहेरच्यापेक्षा जास्त देतो.' तो खोटे बोलत असेल असे नाही. पण जास्त म्हणजे कशात जास्त, हे विचारायला हवे. या एका व्यवहारात खरे तर चार आकडे असतात. जुन्या गाडीची किंमत, कंपनीकडून मिळणारा एक्स्चेंज बोनस, नव्या गाडीवरची सूट, आणि नव्या गाडीची रस्त्यावर येईपर्यंतची किंमत. चारही आकडे एकाच कागदावर, पण वेगवेगळ्या ओळींत लिहून घ्यावेत.

उदाहरणादाखल काही आकडे धरू. नवी गाडी सगळे धरून ११ लाख ५० हजारांची आहे. पहिला शोरूमवाला जुन्या गाडीचे २ लाख ४० हजार देतो, २० हजार बोनस देतो, पण नव्या गाडीवर सूट देत नाही. आपल्याला भरायचे ८ लाख ९० हजार. दुसरा जुन्या गाडीचे २ लाख १० हजारच देतो. आपले मन खट्टू होते. पण तो २० हजार बोनस आणि वर ३५ हजारांची सूट देतो. भरायचे ८ लाख ८५ हजार. म्हणजे ज्याने आपल्या गाडीला कमी मोल दिले, तोच पाच हजारांनी स्वस्त पडला. आता तिसरी वाट. जुनी गाडी बाहेर २ लाख ५० हजारांना विकली, बोनस सोडला आणि ३५ हजारांची सूट तेवढी घेतली, तर भरायचे ८ लाख ६५ हजार. यातले वीस-पंचवीस हजार वाचवायला गिऱ्हाईक शोधण्याचा त्रास घ्यायचा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण आकडे वेगळे केल्याशिवाय तो निवाडा करताच येत नाही. जुन्या गाडीवर आपला जीव असतो म्हणून तिच्या किमतीकडेच आपण बघत राहतो. बघायचा असतो तो शेवटचा आकडा.

जुन्या गाडीचे मोल ठरते ते तिचे वय, धावलेले किलोमीटर, तुम्ही कितवे मालक, अपघात झाला होता का, सर्व्हिसिंगच्या नोंदी आणि टायरची स्थिती यांवरून. हे मोल तारखेसह लिहून घ्यावे आणि किती दिवस टिकेल तेही लिहून घ्यावे. नवी गाडी यायला दोन महिने लागले आणि तोवर जुनीचा भाव उतरला, असे होते. आधीच ठरलेले असेल तर वाद राहत नाही.

नव्या गाडीविषयीही दोन शब्द. या छोट्या एसयूव्ही चार मीटरच्या आतच का असतात? त्याचे उत्तर कराच्या तक्त्यात आहे. २००६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात छोट्या मोटारींवरचा अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणला गेला. छोटी कोणती? लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत. तेव्हापासून गाड्यांचे आराखडे या रेघेला धरून निघू लागले. २०१३मध्ये फोर्डची इकोस्पोर्ट आली, २०१६मध्ये मारुतीची विटारा ब्रेझा, २०१७मध्ये टाटांची नेक्सॉन, २०१९मध्ये ह्युंदाईची व्हेन्यू. ब्रेझा आणि नेक्सॉन मोजल्या तर लांबी ३९९५ मिलिमीटर. रेघेला अगदी पाच मिलिमीटर कमी!

२२ सप्टेंबर २०२५पासून जीएसटीचे दर बदलले, तेव्हाही ही रेघ कायम राहिली. रेघेच्या आतल्या गाड्यांना १८ टक्के, बाहेरच्यांना ४० टक्के. आणि इथे लांबीइतकेच इंजिनही बघावे लागते. नेक्सॉनचे पेट्रोल इंजिन ११९९ सीसीचे, म्हणून ती १८ टक्क्यांत. ब्रेझा तेवढ्याच लांबीची, पण तिचे पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचे, म्हणून ती ४० टक्क्यांत. बाहेरून बहिणी वाटणाऱ्या दोन गाड्यांत सरकारचा वाटा असा वेगळा असतो. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचाही भाव उतरतो, हेही ध्यानात ठेवावे.

या गाड्या दिसायला जीपच्या घराण्यातल्या, पण रचनेने हॅचबॅकच्याच चुलतबहिणी आहेत. वेगळ्या लोखंडी चौकटीवर सांगाडा बसवलेला नसतो. चौकट आणि सांगाडा एकजीव असतात, आणि जोर बहुतेक वेळा पुढच्या दोनच चाकांना असतो. चिखलाच्या चढावर त्यांच्याकडून जीपची अपेक्षा धरू नये. त्यांचा खरा फायदा साधा आहे. बैठक उंच असल्याने गुडघे दुखणाऱ्या माणसाला आत बसायला वाकावे लागत नाही आणि उतरताना उठावे लागत नाही. गतिरोधकावर आणि खड्ड्यात तळ घासत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना शोरूममध्ये नेऊन चार वेळा बसवून-उतरवून पाहावे. माहितीपत्रक वाचण्यापेक्षा ही परीक्षा मोलाची.

सुरक्षेचा मुद्दा मला याहून मोठा वाटतो. ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारी एबीएस यंत्रणा सर्व मोटारींना एप्रिल २०१९पासून सक्तीची झाली. चालकासमोरची एअरबॅग त्याच वर्षी जुलैपासून. शेजारच्या आसनासमोरची त्यानंतर, २०२१मध्ये. त्याआधीच्या अनेक स्वस्त गाड्यांत यातले काहीच नव्हते. ऑक्टोबर २०२३पासून भारत एनकॅप या नावाने आपल्याकडेही धडक-चाचणीचे तारे दिले जातात. खरेदीआधी ते तारे पाहावेत. गाडी बदलण्याला दिखाव्यापलीकडचे कारण हवे असेल, तर ते हे आहे.

आता नावाकडे वळू. सौदा, किंमत, वायदा, दलाल, मालक हे सगळे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि बाजारात असे मुरले की ते बाहेरचे वाटतच नाहीत. बोलीत 'मालक' म्हणजे ज्याच्या ताब्यात वस्तू आहे तो. पण मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम २(३०)मध्ये मालकाचा अर्थ वेगळा आहे. ज्याच्या नावावर वाहनाची नोंदणी आहे, तो मालक. किल्ली कोणाकडे आहे, पैसे कोणी दिले, याला तिथे महत्त्व नाही.

या एका व्याख्येचे वजन किती, हे सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८च्या एका निकालात दिसते. एका गृहस्थाने २००७मध्ये गाडी विकली. ती पुढे एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेली. नोंदणी मात्र कोणीच बदलली नाही. २००९मध्ये त्या गाडीने अपघात झाला आणि एक जीव गेला. भरपाई कोणी द्यायची? न्यायालयाने सांगितले, दप्तरात ज्याचे नाव आहे त्याने. अपघातात सापडलेल्या कुटुंबाने खऱ्या मालकाच्या शोधात दारोदार फिरावे, अशी कायद्याची इच्छा नाही. विचार केला तर हा न्यायच आहे. पण दोन वर्षांपूर्वी विकलेल्या गाडीचे ओझे त्या माणसावर आले, हेही खरे.

इतके टोकाचे सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त मास्तरांनी गाडी एक्स्चेंजमध्ये दिली. आठ महिन्यांनी त्यांच्या फोनवर परजिल्ह्यातून चलनाचे संदेश येऊ लागले. वेगमर्यादा ओलांडली, सिग्नल तोडला. आयुष्यभर चाळीसच्या वर गाडी न हाकलेला माणूस! चौकशी केली तेव्हा कळले की शोरूमने गाडी दलालाला दिली, दलालाने पुढे दिली आणि मास्तरांनी सही करून दिलेले कोरे फॉर्म कुठल्याशा खणात तसेच पडून होते.

हे कोरे फॉर्म म्हणजे २९ आणि ३०. मालकी बदलल्याची खबर आणि नाव चढवण्याचा अर्ज. कायद्यानुसार विकणाऱ्याने ही खबर १४ दिवसांत द्यायची असते. प्रत्यक्षात शोरूमवाला 'काका, ते आम्ही बघतो' म्हणतो आणि आपण कोऱ्यावर सही करतो. दलालाला घाई नसते. पक्के गिऱ्हाईक मिळेपर्यंत तो नाव बदलत नाही, कारण मध्ये आपले नाव चढवले तर मालकांची संख्या एकाने वाढते आणि गाडीचा भाव उतरतो. त्याच्या दृष्टीने हे हिशेबाचे आहे. जोखीम मात्र आपल्या नावावर राहते.

ही पोकळी भरण्यासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२२मध्ये नियम बदलले आणि १ एप्रिल २०२३पासून ते लागू झाले. जुन्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्याने परिवहन खात्याकडून अधिकारपत्र घ्यायचे. गाडी त्याच्या ताब्यात देताना फॉर्म २९सी भरून ऑनलाइन खबर द्यायची. ती खबर नोंदली गेली की पुढचे गिऱ्हाईक मिळेपर्यंत त्या वाहनाची जबाबदारी त्या व्यापाऱ्याची. नव्या मालकाच्या नावाची वाट बघत बसावे लागत नाही. म्हणून शोरूममध्ये पहिला प्रश्न किमतीचा विचारा, पण दुसरा हा विचारा : 'तुमच्याकडे अधिकारपत्र आहे का, आणि २९सीची पोच मला कधी मिळेल?'

त्याबरोबर गाडी दिल्याची पावतीही घ्यावी. तीवर तारीख, वेळ, किलोमीटरचा आकडा आणि घेणाऱ्याची सही-शिक्का असावा. त्या वेळेआधीची चलने आपली, नंतरची त्याची. गाडीवर कर्ज होते आणि ते फिटले असेल, तरी बँकेचा बोजा आरसीवरून उतरवलेला असतोच असे नाही. त्यासाठी बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ लागतो. १ एप्रिल २०१९पूर्वी नोंदलेल्या गाडीला नवी उच्च सुरक्षा नंबरपाटी लावलेली नसेल, तर तेही आधी उरकावे.

नावाचीच आणखी एक गोष्ट, आणि ही आपल्या फायद्याची. विम्यातला नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. एक वर्ष दावा केला नाही तर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के अशी सूट स्वतःच्या नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यावर मिळते. तो हप्ता २० हजारांचा असेल तर दहा हजार वाचतात. जुनी गाडी दिल्यावर विमा कंपनीकडून या बोनसचे पत्र मागून घ्यावे. ते तीन वर्षे चालते आणि नव्या गाडीला लावता येते. अनेक जण मागत नाहीत आणि वर्षानुवर्षे जपून गाडी चालवल्याची कमाई सोडून देतात. नव्या गाडीचा विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे अशीही सक्ती नाही.

गाडी पंधरा वर्षांची झाली असेल तर आणखी एक वाट आहे. अधिकृत भंगार केंद्रात ती मोडीत काढली की ठेव प्रमाणपत्र मिळते. त्यावर नव्या खासगी वाहनाच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची मुभा केंद्राच्या नियमांनी राज्यांना दिली आहे. आपल्या राज्यात त्या वेळी किती मिळते, ते आरटीओत विचारून मगच एक्स्चेंजच्या भावाशी तुलना करावी.

किल्ली देण्यापूर्वी फास्टॅग बंद करावा, नाही तर कोणाच्या तरी प्रवासाचा टोल आपल्या खात्यातून जाईल. गाडीच्या यंत्रात साठलेले फोननंबर आणि घराचा पत्ता पुसावा. खणातले कागद काढून घ्यावेत.

आणि मग महिन्याभराने, पुढेही अधूनमधून, परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन ॲपवर जुन्या गाडीचा नंबर घालून पाहावा. नव्या गाडीचा हार वाळून गेलेला असेल, पेढे संपलेले असतील. तरी पाहावे. तिथे मालकाच्या रकान्यात दुसरे नाव दिसले, की व्यवहार पुरा झाला असे समजावे. तोवर गाडी गेली आहे, पण आपण अजून तिच्यातच बसलेले आहोत.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)