चाल, मारा आणि हातघाई

टेबलावर बोटाएवढे शिपाई मांडायचे, टेपने अंतर मोजायचे आणि फासे टाकून लढायचे, अशा युद्धखेळांत नियमपुस्तकाची खरी कसोटी एकाच ठिकाणी लागते. शिपायाने चालायचे, दुरून मारा करायचा आणि शत्रूच्या अंगावर जाऊन हातघाईला भिडायचे, या तीन कामांची सांगड ते कशी घालते? चिलखत किती जाड आणि बंदुकीचा पल्ला किती, हे मागाहून येते. या खेळांच्या मुळाशी असलेल्या प्रशियन ‘क्रीगश्पील’ला हे उमगले होते. तोफखान्यातला लेफ्टनंट धाकटा राइसविट्झ याच्या 1824 च्या नियमांत नकाशाचे प्रमाण 1:8000 होते, वाद मिटवायला पंच होता आणि एक पाळी म्हणजे रणांगणावरची दोन मिनिटे. सगळा खर्च या एकाच थैलीतून करायचा. चालण्यात गेलेला वेळ गोळीबाराला उरत नाही. ही थैली सांभाळणारे नियमच लढाईविषयी काही खरे सांगतात, असे माझे मत आहे.

इतिहासाचा पुरावा याच बाजूचा आहे. ठासणीच्या बंदुकीतून कसलेला शिपाई मिनिटाला फार तर तीन बार काढी. म्हणजे बार काढून लगेच धावून जायचे तर हातात रिकामी बंदूक आणि तिच्या टोकाला संगीन, एवढेच उरे. 1759 मध्ये क्वेबेकबाहेरच्या मैदानात फ्रेंच दुरूनच बार काढत पुढे आले आणि त्यांच्या रांगा विस्कटल्या. वुल्फच्या ब्रिटिश पलटणींनी शत्रू सुमारे चाळीस यार्डांवर येईपर्यंत बंदुका रोखून धरल्या, मग एकदम बार काढले आणि त्यानंतर चढाई केली. एच. जी. वेल्स यांच्या 1913 च्या ‘लिटल वॉर्स’मध्ये हाच पेच अगदी साध्या नियमात बसवलेला दिसतो. त्यांची तोफ स्प्रिंगची होती. तिच्यातून लाकडी गोळा खरोखर सुटे आणि जो शिपाई आडवा होई तो मेला. पायदळाची चाल एक फूट, घोडदळाची दोन फूट. तोफेने मात्र एका पाळीत चारपर्यंत बार काढावेत किंवा जागा बदलावी, दोन्ही करता येत नसे. शिवाय तिच्यापासून सहा इंचांच्या आत स्वतःचे चार शिपाई असावे लागत. दोन फुटांची झेप घेणारे घोडदळ समोर दिसू लागले की तोफवाल्यापुढे प्रश्न उभा राही: मारत राहायचे की तोफ मागे घ्यायची? एवढ्याशा नियमाने खेळाडूला सेनापतीच्या जागी बसवले.

आज सर्वाधिक परिचित असलेल्या ‘वॉरहॅमर 40,000’ने वेगळी वाट धरली. तिथे एकाच पाळीत आधी सगळ्यांची चाल, मग सगळ्यांचा मारा, मग चढाई आणि शेवटी हातघाई. शत्रू 14 इंचांवर आहे असे धरा. तुमची तुकडी 6 इंच पुढे जाते, 8 इंच उरतात, ती गोळ्या झाडते आणि मग चढाईसाठी दोन फासे टाकते. शत्रूच्या एका इंचाच्या आत पोचले की भिडता येते, म्हणून 7 पुरतात. 36 पैकी 21 शक्यता तुमच्या बाजूच्या. चालणे, झाडणे आणि भिडणे ही तिन्ही कामे एका पाळीत उरकली आणि वेळेचा हिशोब कोणी मागितला नाही. जोराने धावलेल्या तुकडीवर बंधने येतात हे खरे, पण नेहमीच्या चालीला ती लागू नाहीत. बचाव करणाऱ्याला उत्तर द्यायची सोय आहे, तीही तुटपुंजी: 2017 च्या आठव्या आवृत्तीत चढाई करून येणाऱ्यावर त्याला गोळ्या झाडता येत, पण फाशावर 6 पडला तरच नेम लागे. 2023 च्या दहाव्या आवृत्तीत तर त्यासाठी कमांड पॉइंटही मोजावा लागतो.

या पद्धतीची बाजू घेणारे एक चांगला मुद्दा मांडतात. इथेही मारा फुकट नसतो. मेलेले शिपाई कोणते उचलायचे हे बचाव करणारा ठरवतो. तो पुढच्या रांगेतले उचलतो, अंतर वाढते आणि 7 ऐवजी 9 लागतात. तेव्हा भिडायचे असेल तर गोळी न झाडणेच शहाणपणाचे ठरते. मुद्दा बरोबर आहे, आणि या खेळातले सर्वांत जिवंत क्षण मला इथेच दिसतात. पण ही किंमत पुतळे कुठे उभे आहेत त्यातून निघते. शिपाई मेल्याने उरलेल्यांना धावायला जास्त वेळ का लागावा, याचे उत्तर रणांगणावर सापडत नाही. दुसरा आक्षेप सोपेपणाचा. शंभर पुतळे हलवायचे असतील तर ठरलेला क्रम लक्षात ठेवायला बरा, आणि प्रत्येक हालचालीला उत्तर देत बसले तर डाव रेंगाळतो. ‘इन्फिनिटी’ या स्पॅनिश खेळात हे दिसते. तिथे एका हुकमात चालून गोळी झाडता येते, पण ज्या ज्या शत्रूला तो शिपाई दिसतो त्या प्रत्येकाला त्याच क्षणी उलट वार करता येतो आणि दोघांचे वीस बाजूंचे फासे एकमेकांविरुद्ध पडतात. दहा-पंधरा शिपायांपुरते हे फार सुंदर चालते. शंभरांना ते पेलणार नाही, हे मान्य.

तरी सोपेपणासाठी थैली फेकून द्यावी लागत नाही. दुसऱ्या महायुद्धावरचा ‘बोल्ट ॲक्शन’ (2012) पिशवीतून एकेक फासा काढतो आणि तो ज्या बाजूचा असेल तिने एका तुकडीला एकच हुकूम द्यायचा. ‘फायर’ दिला तर जागेवरून पूर्ण नेमाने मारा. ‘ॲडव्हान्स’ दिला तर पायदळाला 6 इंच चाल आणि गोळीबार, पण नेमाला एक उणे. ‘रन’ दिला तर 12 इंच धाव आणि गोळीबार नाही. नवख्यालाही हे तीन हुकूम पहिल्याच डावात समजतात. हातघाईला जायचे तर ‘रन’च द्यावा लागतो, आणि त्या पाळीत त्या तुकडीच्या बंदुकांतून एकही गोळी सुटत नाही.