पिवळा दिवा काय सांगतो?

पावसाळ्यातील सकाळ. उधारीच्या वसुलीसाठी कोल्हापूरहून रत्नागिरीला निघालेली व्यापारी पिता-पुत्रांची मोटार आंबा घाटाजवळ पोहोचते आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा उजळतो. त्यात ‘एबीएस’ अशी अक्षरे. पाठोपाठ दुसराही दिवा लागतो : मोटारीचे चित्र आणि तिच्यामागे दोन नागमोडी रेषा. वडील म्हणतात, “ब्रेक तर लागतो आहे, चल पुढे.” मुलगा म्हणतो, “अण्णा, गाडी थांबवूया.” अशा प्रसंगी योग्य निर्णय घ्यायचा, तर हे दिवे काय सांगतात ते आधी समजले पाहिजे.

ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला की चाक जॅम होते, पण गाडी थांबत नाही. ती घसरत जाते. जॅम झालेले पुढचे चाक स्टिअरिंगलाही जुमानत नाही. हा धोका टाळणारी बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक एबीएस यंत्रणा १९७८ साली मर्सिडीज-बेंझ मोटारींत आली. प्रत्येक चाकाजवळचा सेन्सर त्याचा वेग मोजतो. चाक जॅम होऊ लागताच यंत्रणा ब्रेकचा दाब सेकंदात अनेक वेळा कमी-अधिक करते. त्या वेळी पायाखाली जाणवणारी थरथर हा बिघाड नव्हे. ब्रेक न सोडता दाबून धरावा आणि गाडी वळवावी. १९९५ साली आलेली घसरणरोधक यंत्रणा आणखी एक पाऊल पुढे गेली. वळणावर गाडी भरकटू लागली, तर ती नेमक्या चाकाला ब्रेक लावून गाडी मार्गावर आणते.

इंजिन सुरू करताना हे दिवे काही क्षण लागून विझतात. ती यंत्रणेची स्वतःची तपासणी असते. जुनी मोटार विकत घेताना हे अवश्य पाहावे. दिवा मुळीच लागत नसेल, तर बिघाड झाकलेला असण्याची शक्यता असते.

प्रवासात घसरणीचा दिवा लुकलुकला, तर यंत्रणा काम करीत आहे आणि रस्ता निसरडा आहे, असे समजावे व वेग कमी करावा. तो स्थिर राहिला, तर यंत्रणा बिघडली आहे किंवा बटणाने बंद केली गेली आहे. एबीएसचा पिवळा दिवा स्थिर राहिला, तर साधा ब्रेक सहसा चालू असतो, पण चाक जॅम होऊ न देणारे संरक्षण उरलेले नसते. दोन्ही यंत्रणा त्याच सेन्सरवर अवलंबून असल्याने एका सेन्सरवरचा चिखल किंवा तुटलेली तारही दोन्ही दिवे लावू शकते. दोन दिवे म्हणजे दोन बिघाड असे नव्हे.

लाल दिव्याची गोष्ट निराळी. हँडब्रेक सोडूनही ब्रेकचा लाल दिवा विझत नसेल, तर ब्रेक ऑइल कमी झालेले असू शकते. लाल आणि पिवळा दोन्ही एकदम लागले, तर ब्रेकचा दाब पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी व्यवस्थाही निकामी झालेली असू शकते. अशा वेळी गाडी सुरक्षित जागी थांबवावी आणि मेकॅनिकलाच बोलवावे.

आता त्या पिता-पुत्रांकडे वळू. लाल दिवा नाही, म्हणून अण्णांचे म्हणणे निराधार नाही. पण समोर ओला घाट आहे, म्हणून मुलाची काळजीही रास्त आहे. घाट उतरण्यापूर्वी सुरक्षित जागी थांबून गाडी बंद करून पुन्हा सुरू करावी. दिवा कायम राहिला, तर जवळच्या गॅरेजमध्ये सेन्सर तपासून घेणे उत्तम. ते शक्यच नसेल, तर खालच्या गिअरमध्ये, पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवून, ब्रेक हळुवार लावत उतरावे. एबीएस नसलेल्या गाड्यांवर शिकलेल्या अण्णांचा हात आणि पाय इथे उपयोगी पडेल.

वसुली एक दिवस पुढे गेली, तर व्याजाचे थोडे नुकसान होईल. पण जे संरक्षण गाडीत उरलेलेच नाही, त्याच्या भरवशावर घाट उतरणे हा कोणत्याही वहीत न बसणारा तोट्याचा व्यवहार आहे.