सान बर्नार्डिनो ते मनिला : जिमी अलापाग यांची कारकीर्द

फिलिपिन्सच्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये तीन गुणांच्या सर्वाधिक फेकींचा विक्रम सप्टेंबर २०२४ मध्ये मार्सिओ लासिटर यांच्या नावावर झाला. त्यांनी मागे टाकलेला १,२५० फेकींचा आकडा जिमी अलापाग यांचा होता. हे दोन्ही खेळाडू फिलिपिनो वंशाचे असले, तरी दोघांचाही जन्म अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातला आहे. ज्या देशात बास्केटबॉल हा जवळजवळ राष्ट्रीय ध्यास मानला जातो, त्या देशाचा असा विक्रम परदेशात जन्मलेल्या एका खेळाडूकडून दुसऱ्याकडे जावा, ही गोष्ट पंचवीस वर्षांपूर्वी अनेकांना रुचली नसती. अलापाग यांची कारकीर्द समजून घ्यायची, तर आधी त्या अरुचीचे कारण पाहावे लागते.

अमेरिकी राजवटीच्या काळात, विसाव्या शतकाच्या आरंभी, बास्केटबॉलचा खेळ फिलिपिन्समध्ये पोहोचला आणि तिथलाच झाला. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये या देशाने पाचवा क्रमांक मिळवला, तर १९५४ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक जिंकले. १९७५ मध्ये स्थापन झालेली फिलिपिन बास्केटबॉल असोसिएशन, म्हणजेच पीबीए, ही आशियातील पहिली व्यावसायिक बास्केटबॉल साखळी होय. या साखळीतील संघ शहरांचे नसून उद्योगसमूहांचे असतात. दूरध्वनी कंपनी, मद्यनिर्मिती कंपनी, वीज वितरण कंपनी अशा संस्था आपल्या उत्पादनांच्या नावाने संघ उतरवतात. प्रेक्षकांची निष्ठाही गावाशी नव्हे, तर या नावांशी जोडलेली असते. बाहेरच्या माणसाला हे चमत्कारिक वाटते. मनिलाच्या रहिवाशाला त्यात काहीही वावगे वाटत नाही.

अमेरिकेत आज चाळीस लाखांहून अधिक फिलिपिनो वंशाचे लोक राहतात. त्यांच्यातील शालेय आणि महाविद्यालयीन खेळाडू १९९० च्या दशकाच्या अखेरीस मोठ्या संख्येने मायदेशी येऊ लागले. आई किंवा वडील फिलिपिन्सचे नागरिक असल्यास अपत्यालाही नागरिकत्वाचा हक्क मिळतो, आणि असा खेळाडू पीबीएमध्ये स्थानिक म्हणून खेळू शकतो. अडचण अशी झाली, की काहींची वंशावळ कागदोपत्रीच असल्याचे उघडकीस येऊ लागले. अशा खेळाडूंसाठी ‘फिल-शॅम’, म्हणजे बनावट फिलिपिनो, असा बोचरा शब्द रूढ झाला. २००३ मध्ये तेथील सिनेटच्या समितीने या प्रकरणाची चौकशी केली आणि काही खेळाडूंवर देश सोडण्याची पाळी आली. संशयाची ही छाया ज्यांची कागदपत्रे निर्दोष होती त्यांच्यावरही पडली. त्याच वर्षी जिमी अलापाग पीबीएमध्ये दाखल झाले.

अलापाग यांचा जन्म ३० डिसेंबर १९७७ रोजी सान बर्नार्डिनो येथे फिलिपिनो कुटुंबात झाला. शिक्षणही त्याच शहरातील कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठात झाले. उंची पाच फूट नऊ इंच, म्हणजे सुमारे १७५ सेंटिमीटर. अमेरिकेच्या एनबीएमध्ये या उंचीच्या खेळाडूला फारसे कोणी विचारत नाही. २००२ च्या बुसान आशियाई क्रीडा स्पर्धेसाठी फिलिपिन्सच्या सराव शिबिरात त्यांची निवड झाली, मात्र अंतिम संघात त्यांना स्थान मिळाले नाही. त्या स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात अखेरच्या क्षणी झालेल्या फेकीमुळे यजमान दक्षिण कोरियाने फिलिपिन्सला ६९-६८ असे हरवले. फिलिपिनो क्रीडारसिकांच्या मनात हा पराभव पुढे दशकभर सलत राहिला.

पुढील वर्षीच्या निवड प्रक्रियेत ‘टॉक एन टेक्स्ट’ या दूरसंचार कंपनीच्या संघाने अलापाग यांना दहाव्या क्रमांकावर निवडले. त्यांच्या आधी नऊ खेळाडूंना पसंती मिळाली होती, असा याचा सरळ अर्थ. पहिल्याच हंगामात संघाला पहिले विजेतेपद मिळाले आणि अलापाग सर्वोत्कृष्ट नवोदित खेळाडू ठरले. पॉइंट गार्ड हे त्यांचे स्थान. चेंडू पुढे नेणे, चाल आखणे आणि सहकाऱ्याला योग्य क्षणी चेंडू पोहोचवणे हे या स्थानावरील खेळाडूचे काम असते. उंच बचावपटूंच्या गर्दीत शिरण्यापेक्षा रेषेबाहेरून, क्षणभरही न रेंगाळता फेक करणे हे त्यांचे मुख्य अस्त्र होते. ‘मायटी माउस’ हे टोपणनाव त्यांना उंचीमुळे मिळाले आणि खेळामुळे टिकले. टॉक एन टेक्स्टबरोबर त्यांनी एकूण सहा विजेतेपदे मिळवली. २०१०-११ च्या हंगामात, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, ते साखळीतील सर्वोत्कृष्ट खेळाडूच्या पुरस्काराचे मानकरी ठरले.

तथापि, फिलिपिन्समध्ये त्यांचे नाव आदराने घेतले जाते ते प्रामुख्याने राष्ट्रीय संघातील कामगिरीमुळे. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे फिबाच्या नियमानुसार वयाच्या सोळाव्या वर्षानंतर नागरिकत्व मिळवलेला एकच खेळाडू संघात घेता येतो. परदेशात जन्मलेल्या अनेक फिलिपिनोंना या नियमाचा फटका बसतो. अलापाग यांना तो बसला नाही. नागरिकत्व बहाल केलेल्या अमेरिकी खेळाडूसाठीची जागा मार्कस डाउथिट आणि नंतर आंद्रे ब्लॅच यांना मिळाली, तर अलापाग स्थानिक म्हणूनच खेळले. २००७ मध्ये जपानमधील तोकुशिमा येथे झालेल्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत संघ नवव्या स्थानावर राहिला. २०११ मध्ये चीनमधील वुहान येथे तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत कोरियाने पुन्हा एकदा मात केली, तीही अवघ्या दोन गुणांनी, ७०-६८ अशी.

म्हणूनच १० ऑगस्ट २०१३ च्या सामन्याचे महत्त्व निराळे आहे. आशियाई अजिंक्यपद स्पर्धा मनिलामध्ये होती, उपांत्य फेरीत समोर कोरियाच होता आणि पहिले तीन संघ विश्वचषकासाठी पात्र ठरणार होते. सामन्यात डाउथिट जखमी झाले आणि संघातील सर्वांत उंच आधार गेला. अखेरच्या मिनिटांत आघाडी निसटते की काय अशी स्थिती असताना कर्णधार अलापाग यांनी दुरून मारलेल्या फेकी अचूक लागल्या आणि फिलिपिन्सने ८६-७९ असा विजय मिळवला. अंतिम सामन्यात इराणने ८५-७१ अशी बाजी मारली. परंतु त्या पराभवाची आठवण आज फारसे कोणी काढत नाही. १९७८ मध्ये यजमान म्हणून खेळल्यानंतर प्रथमच फिलिपिन्स जागतिक स्पर्धेत पोहोचले होते.

२०१४ चा विश्वचषक स्पेनमध्ये झाला. सेविया येथील साखळी सामन्यांत क्रोएशियाने जादा वेळेत ८१-७८, अर्जेंटिनाने ८५-८१ आणि प्वेर्तो रिकोने ७७-७३ असे फिलिपिन्सला नमवले. तिन्ही सामने हातातोंडाशी येऊन गेले. ग्रीसविरुद्धचा पराभव मात्र स्पष्ट होता. शेवटच्या सामन्यात सेनेगलला जादा वेळेत ८१-७९ असे हरवून संघाने चाळीस वर्षांनंतर जागतिक स्पर्धेतील पहिला विजय नोंदवला. पाच सामन्यांत एक विजय ही आकडेवारी कागदावर किरकोळ दिसते; ती तशी वाचू नये. त्यानंतर काही आठवड्यांतच इंचॉन येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत कोरियाने ९७-९५ असा विजय मिळवून जुना हिशेब पुन्हा उघडला, हेही नमूद करायला हवे.

जानेवारी २०१५ मध्ये अलापाग यांनी निवृत्ती जाहीर केली आणि टॉक एन टेक्स्टने त्यांचा ३ क्रमांकाचा गणवेश सन्मानपूर्वक निवृत्त केला. मात्र काही महिन्यांतच ते त्याच उद्योगसमूहाच्या मेराल्को संघातून मैदानात परतले. निरोप समारंभानंतरचे असे पुनरागमन बहुधा केविलवाणे ठरते. इथे तसे झाले नाही. २०१६ मध्ये त्यांनी अ‍ॅलन कायडिक यांचा १,२४२ फेकींचा दीर्घकाळ अबाधित राहिलेला विक्रम मोडला आणि मेराल्कोने प्रथमच अंतिम फेरी गाठली. तिथे बारांगाय जिनेब्राकडून पराभव झाला आणि अलापाग यांची खेळाडू म्हणून वाटचाल थांबली.

प्रशिक्षक म्हणून आसियान बास्केटबॉल लीगमध्ये अलाब पिलिपिनास या संघाला त्यांनी २०१८ मध्ये विजेतेपद मिळवून दिले. थायलंडच्या मोनो व्हँपायरविरुद्धची अंतिम मालिका पाचव्या सामन्यापर्यंत ताणली गेली होती. त्यानंतर ते कुटुंबासह कॅलिफोर्नियाला परतले आणि सॅक्रामेंटो किंग्जच्या स्टॉकटन येथील दुय्यम संघात साहाय्यक प्रशिक्षक झाले. २०२३ मध्ये मुख्य संघाच्या प्रशिक्षकवर्गात त्यांचा समावेश करण्यात आला. किंग्ज हे नाव भारतीय वाचकांना अपरिचित नसावे. मुंबईत जन्मलेले आणि वाढलेले उद्योजक विवेक रणदिवे २०१३ पासून या संघाचे प्रमुख मालक आहेत. भारतीय वंशाचे पहिले एनबीए खेळाडू सिम भुल्लर २०१५ मध्ये याच संघाकडून मैदानात उतरले. आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये भारतात प्रथमच झालेले एनबीएचे दोन सामने किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांच्यात मुंबईतच खेळवले गेले होते. खेळाडू म्हणून अलापाग एनबीएच्या मैदानावर कधीच उतरले नव्हते. त्या साखळीत त्यांना प्रवेश मिळाला तो वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, मनिलामध्ये मिळवलेल्या अनुभवाच्या बळावर.