स्वरतंतू नव्हे, स्वरघडी: स्वरयंत्र आतून बघताना

कंठमण्यावर बोट ठेवा आणि 'आऽऽ' म्हणा. बोटाला थरथर जाणवेल. आता नुसतं 'स्स्स्' करा. थरथर गेली. ही थरथर कशाची? शाळेत पाठ केलेलं उत्तर: 'स्वरतंतूंची'. आणि डोळ्यांसमोर येते तंबोऱ्याची तार. आवाजावर संशोधन करायचं मनात असेल तर हे चित्र आधी पुसून टाका.

आधी आतली रचना बघू. कंठमणी म्हणजे थायरॉइड कूर्चेचा पुढचा कोन. तिच्याखाली अंगठीच्या आकाराची क्रिकॉइड कूर्चा, आणि या अंगठीच्या मागच्या उंच भागावर बसलेल्या दोन छोट्या ॲरिटेनॉइड कूर्चा. वरून आत डोकावलं तर घड्यांच्या दोन जोड्या दिसतात. वरची जोडी आभासी स्वरघड्यांची. साध्या बोलण्यात तिचा फारसा वाटा नसतो. मग दोन्ही बाजूंना एकेक खोबण, आणि तिच्याखाली खऱ्या स्वरघड्या. त्या पुढे थायरॉइडला आणि मागे ॲरिटेनॉइडना जोडलेल्या असतात. ॲरिटेनॉइड फिरल्या-सरकल्या की घड्या मिटतात किंवा उघडतात. मिटवणारे स्नायू अनेक, पण उघडणारी जोडी एकच. म्हणून दोन्ही बाजूंच्या नसा दुखावल्या तर आवाजाच्या आधी श्वासाची काळजी करावी लागते.

आता मूळ प्रश्न: या घड्या थरथरतात कशा? मॅन्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने 1854 मध्ये आरशांच्या मदतीने स्वतःच्याच घड्या हलताना पाहिल्या. पण वरून फक्त पृष्ठभाग दिसतो. पुढे 1950 मध्ये राउल ह्युसाँ यांनी मांडलं की प्रत्येक कंपनासाठी मेंदूकडून वेगळा संदेश येतो. ऐकायला पटतं, नाही का? पण मृतदेहातून काढलेल्या स्वरयंत्राच्या घड्या जवळ आणून खालून हवा सोडली, तरी आवाज निघतो. तिथे कुठला मेंदू! 1958 मध्ये यान्विलेम व्हान डेन बेर्ग यांनी हवेचा प्रवाह आणि घड्यांची लवचिकता यांवर आधारलेलं स्पष्टीकरण नीट मांडलं. स्नायू घड्यांना जागेवर आणतात, ताण देतात. थरथरवते ती हवा.

मग नेमकं थरथरतं काय? इथे मिनोरू हिरानो यांचं 1974 चं काम वाचायलाच हवं. त्यांनी घडीचा छेद घेऊन थर दाखवले. सगळ्यांत वर पातळ त्वचेसारखं आवरण, त्याखाली जेलीसारखा मऊ थर, मग लवचिक तंतूंचा, मग चिवट कोलॅजनचा, आणि तळाशी स्नायू. वरचा मऊ भाग खालच्या घट्ट भागावर लाटेसारखा सरकतो. तार अशी सरकत नाही.

हा फरक केवळ शब्दांचा नाही. पूर्वी घडीवरची सूज काढताना वरचं आवरण सोलून काढण्याची पद्धत होती. तिथे व्रण धरला की आवरण खालच्या थराला चिकटतं, लाट अडते आणि आवाज घोगरा राहतो. थर समजल्यावर शस्त्रक्रियाही बदलली: शक्य तितकं आवरण वाचवा, खालच्या थराला धक्का लावू नका.

त्यामुळे या विषयावरचा शोधनिबंध हातात घेतला की निष्कर्षाकडे धावू नका. आधी तीन प्रश्न विचारा. मोजमाप कुठल्या थराचं आहे? स्वरयंत्र जिवंत माणसाचं, मृतदेहातलं की प्राण्याचं? आणि वय काय? नवजात बाळाच्या घडीत हे थर अजून वेगळे झालेलेच नसतात. ते किशोरवयापर्यंत घडत जातात. या तिन्हींची उत्तरं निबंधाच्या पद्धती विभागात सापडली नाहीत, तर तिथेच पेन्सिलीने खूण करा. तुमचा स्वतःचा संशोधनप्रश्न कदाचित त्याच खुणेपाशी सापडेल.