महानगरातील राष्ट्रीय उद्यान : व्यवस्थापनाचा प्रश्न कुंपणाच्या आतला की बाहेरचा?

प्रस्तावना

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरलेले आहे. मुंबई उपनगर व ठाणे या दोन जिल्ह्यांत विभागलेल्या या वनाला महानगराच्या वस्तीने जवळजवळ सर्व बाजूंनी वेढले आहे. विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे तलाव शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधले गेले. त्यांच्या पाणलोटामुळेच हे वन प्रारंभी सुरक्षित राहिले, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. अशा उद्यानाचे व्यवस्थापन म्हणजे वन्य प्राण्यांचे व्यवस्थापन असे सर्वसाधारणपणे मानले जाते. प्रस्तुत लेखात या समजुतीची तपासणी करण्याचा प्रयत्न केला आहे.

पर्यटकांचे नियोजन

उद्यानात येणाऱ्यांचे हेतू भिन्न असतात. सकाळी फिरावयास येणारे नागरिक, सहलीची कुटुंबे, कान्हेरीच्या शंभराहून अधिक बौद्ध लेण्यांचे अभ्यासक, महाशिवरात्रीस येणारे भाविक आणि पक्षिनिरीक्षक या सर्वांना एकच नियम लावता येत नाही. यावर योजलेला उपाय विभागणीचा आहे. बोरिवलीच्या प्रवेशद्वाराजवळील कृष्णगिरी उपवनात गर्दी सामावून घ्यावयाची, कान्हेरीपर्यंतचा रस्ता खुला ठेवावयाचा आणि शिलोंड्यासारख्या निसर्गवाटांवर परवानगीनेच प्रवेश द्यावयाचा. सोमवारी उद्यान बंद असते. ही पद्धत बऱ्याच अंशी यशस्वी ठरली आहे. दर आठ वर्षांनी फुलणारी कारवी २०१६ नंतर २०२४ मध्ये बहरली, तेव्हा हौशी छायाचित्रकारांची पावलेही या विभागणीमुळेच आवरता येणे शक्य होते.

माकडांना खाऊ घालण्याची सवय मात्र फलक लावूनही सुटत नाही. पुण्य म्हणून टाकलेला पाव माकडाला माणसाच्या हातावर झडप घालण्यास शिकवतो, हे भाविकाला पटवणे वनरक्षकाला अवघड जाते.

बिबट्या आणि पिंजरा

या उद्यानाचा खरा कस बिबट्याच्या प्रश्नावर लागला. २००२ ते २००४ या काळात परिसरात बिबट्यांचे हल्ले वाढले. एकट्या जून २००४ मध्ये सुमारे १० व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. पिंजरे लावून बिबटे पकडावेत आणि दूर सोडावेत, ही लोकांची मागणी स्वाभाविक होती. परंतु याच सुमारास पुणे जिल्ह्यातील जुन्नर भागात या उपायाचा अनुभव वेगळाच येत होता. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, मोठ्या प्रमाणावर स्थलांतर सुरू झाल्यानंतर तेथील हल्ल्यांची वार्षिक सरासरी ४ वरून १७ वर गेली. अनोळखी प्रदेशात सोडलेले जनावर स्थिरावत नाही, आणि रिकाम्या झालेल्या जागी दुसरे येते. म्हणजे पिंजऱ्याने प्रश्न सुटत नाही, फक्त त्याची जागा बदलते.

२०११ पासून वन विभागाने संशोधक व नागरिक यांच्या सहभागाने 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' हा उपक्रम सुरू केला. त्यात भर होता तो माणसांच्या वर्तनावर. बिबट्या दिसताच गर्दी करू नये, अंधारात मुलांना एकटे सोडू नये, कचरा उघड्यावर टाकू नये, अशा साध्या सूचना वस्त्यांत आणि गृहसंकुलांत पोहोचविण्यात आल्या. स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या साहाय्याने २०१५ मध्ये ३५ व २०१८ मध्ये उद्यान आणि लगतच्या परिसरात ४७ बिबट्यांची नोंद झाली. संख्या एवढी असूनही २००४ सारखी स्थिती पुन्हा आली नाही, ही बाब विचारात घेण्याजोगी आहे.

कचरा, कुत्रे व शौचालय

बिबट्या कुंपणाबाहेर का येतो? उद्यानात चितळ व सांबर आहेत; भक्ष्याचा तुटवडा हे पूर्ण उत्तर नव्हे. सीमेवर साठणाऱ्या कचऱ्यावर भटके कुत्रे पोसले जातात आणि कुत्रा हे बिबट्याचे सहज मिळणारे भक्ष्य आहे. येथील बिबटे वर्षाला सुमारे १,५०० कुत्रे मारत असावेत, असा अंदाज २०१८ च्या एका शोधनिबंधात मांडला गेला. त्यामुळे श्वानदंश घटतात, असाही त्या लेखकांचा दावा आहे. हा हिशेब मनोरंजक असला, तरी ज्या आईला संध्याकाळी अंगणातले मूल डोळ्यांआड होऊ देता येत नाही, तिच्यापुढे तो मांडण्याचे धाडस कोणी करू नये.

पहाटे किंवा रात्री उघड्यावर शौचास जाणारी व्यक्ती खाली बसलेली असते, एकटी असते आणि अंधारात असते. हल्ल्यांच्या नोंदींत अशा व्यक्ती वारंवार आढळतात. वस्तीत दिवे व शौचालये असणे हा म्हणूनच वन्यजीव व्यवस्थापनाचाच भाग मानला पाहिजे. सीमाभिंतीचे काम बरेच झाले आहे, परंतु भिंत बिबट्याला अडवत नाही. तिचा उपयोग अतिक्रमण रोखण्यापुरता आहे.

अधिकारक्षेत्राची अडचण

वन विभागाचा अधिकार प्रामुख्याने उद्यानाच्या हद्दीत चालतो, कारणे मात्र हद्दीबाहेर घडतात. २०१६ मध्ये उद्यानाभोवती १०० मीटर ते ४ किलोमीटर रुंदीचे पर्यावरण संवेदनशील क्षेत्र अधिसूचित झाले. त्याने बांधकामाचे नियमन होते, पण कचरा उचलला जात नाही. ते काम महापालिकांचे आहे. शेजारच्या आरेची बरीचशी जमीन दुग्धविकास विभागाकडे राहिलेली आहे. तेथे ऑक्टोबर २०२२ मध्ये बिबट्याच्या हल्ल्यात सोळा महिन्यांच्या बालिकेचा मृत्यू झाला. त्यानंतर वन विभागाने पिंजरे लावले, कारण तातडीने करता येण्याजोगी तेवढीच कृती त्याच्या हाती होती.

येथे वारली, मल्हार कोळी, महादेव कोळी व कोकणा यांचे पाडे आणि नंतरची अतिक्रमणे यांत भेद करणे आवश्यक ठरते. १९९७ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर अनेक झोपड्या हटविण्यात आल्या व काही कुटुंबांचे चांदिवली येथे पुनर्वसन झाले. पाड्यांतील रहिवासी मात्र पिढ्यान्‌पिढ्या बिबट्याच्या शेजारी राहत आले आहेत. उद्यानाच्या हद्दीत कायम बांधकामास निर्बंध असल्यामुळे शौचालय, वीज व रस्ता मिळविण्यासाठी त्यांना सर्वाधिक खेटे घालावे लागतात. प्रस्तुत लेखकाच्या मते व्यवस्थापन आराखड्याचा प्रारंभ या पाड्यांतील दिव्यांपासून व्हावयास हवा, आणि त्याच्या बैठकीत महापालिकेच्या घनकचरा विभागाचा अधिकारी वनाधिकाऱ्याच्या शेजारी बसावयास हवा.